काळी दोन, पांढरी दोन, काळी एक

[मिरज, सतारमेकर गल्ली. कारखान्यात टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा. खुंटी पिळल्याचा आवाज.]

तंबोरा पांढरी दोनला, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला लावलाय. काळी एक तिच्या अर्धा सूर खाली, काळी दोन अर्धा सूर वर. जवारीचा (तारेला गुंज देणारा, घोडीवरचा) दोरा केसभर सरकला आणि तार बोलायला लागली. आता शेजारच्या स्पीकरवर बीटल्सचं एक गाणं लावू: ‘अक्रॉस द युनिव्हर्स’. जॉन लेननने ते फेब्रुवारी १९६८ मध्ये लंडनला गायलं. पुढे त्या एकाच गायनाच्या तीन आवृत्त्या बाजारात आल्या, आणि तिन्हींची पट्टी वेगळी.

पहिली डिसेंबर १९६९ ची, वन्यजीवांच्या मदतीसाठी काढलेल्या एका अल्बमवरची. सुरुवातीलाच पाखरांचे आवाज आणि पंखांची फडफड. तंबोऱ्याचा सा आणि गाण्याचा सा एकमेकांना खातात, कारण गाणं काळी दोनला आहे. दुसरी मे १९७० ची, ‘लेट इट बी’ अल्बममधली. निर्माता फिल स्पेक्टरने तिच्यावर वाद्यवृंद आणि कोरस चढवला. ती काळी एकच्या आसपास बसते. तिसरी २००३ ची, ‘लेट इट बी... नेकेड’ या अल्बमवरची, चढवलेले थर उतरवलेली. ती लावली की तंबोरा आणि गिटार एकमेकांत मिसळून जातात. पांढरी दोन.

लेनन काही तीन पट्ट्यांत गायला नव्हता. टेप तीन वेगांनी फिरली.

त्या काळच्या स्टुडिओत मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलून टेपमशीनचा वेग कमीजास्त करत. हिशोब सोपा आहे. अर्धा सूर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के फरक. चार मिनिटांचं गाणं अर्धा सूर चढवलं तर ३ मिनिटं ४६ सेकंदांत संपतं, उतरवलं तर ४ मिनिटं १४ सेकंद चालतं. आणि सुराबरोबर गळ्याचा पोतही बदलतो. चढवलेला आवाज बारीक आणि अधीर वाटतो, उतरवलेला जड आणि झोपाळू. स्पेक्टरच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावं. त्या आवृत्तीत जे सुस्त वाटतं, त्यातलं बरंचसं कोरसमुळे नाही, मंदावलेल्या टेपमुळे आहे.

[कारागीर घोडीवर कानस फिरवतोय.]

पट्टी बदलली म्हणजे दरवेळी टेपच फिरवली, असं मात्र धरून चालू नये. ‘नॉर्वेजियन वूड’ घ्या. १२ ऑक्टोबर १९६५ ला झालेला पहिला टेक, म्हणजे सलग केलेलं एक मुद्रण, पांढरी दोनला आहे. तो बाजूला ठेवला गेला आणि १९९६ मध्ये ‘अँथॉलॉजी २’ वर बाहेर आला. २१ ऑक्टोबरला गाणं नव्याने वाजवलं, ते पांढरी तीनला, आणि ‘रबर सोल’ अल्बमवर तेच आहे. इथे पूर्ण एक सूर चढलाय, पण आवाज बारीक झालेला नाही. गिटारवर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून गाणं वर नेलंय. ओळखायचं असं: सूर, लय आणि गळ्याचा पोत तिन्ही एकाच प्रमाणात हलले असतील तर टेपची करामत. सूर हलला आणि पोत जागेवर राहिला, तर माणसांनी पुन्हा वाजवलंय.

दोन्ही टेकमधली सतार ऐकण्यासारखी आहे. पहिल्यात ती पुढे येऊन बसलीय, दुसऱ्यात गाण्याला जागा देऊन मागे सरकलीय. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने ही सतार लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून घेतली होती, आणि ती काही उंची वाद्य नव्हती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या नॉर्मन स्मिथची पंचाईत निराळीच होती. मीटरचा काटा लाल पट्ट्यात जायचा, पण कानाला तेवढा मोठा आवाज येतच नव्हता. आवाजाची टोकं दाबणारा लिमिटर लावावा तर सतारीची गुंज मरणार.

असं का होतं, ते या ओट्यावर दिसतं. सतारीची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, गिटारसारखी धारदार नसते, रुंद असते आणि तिला अगदी किंचित उतार असतो. तार घोडीला घासत कंप पावते, त्यातून वरचे स्वयंभू सूर भरभरून सुटतात. आघाताच्या क्षणी टोक उंच उसळतं आणि लगेच ओसरतं. मीटर ते टोक मोजतो, कान मात्र सरासरी ऐकतो. कानसीचा एक हात जास्त पडला तर जवारी मरते, कमी पडला तर तार किरकिरते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांच्या कामाला.

[सांगली, विश्रामबाग. संध्याकाळ. खिडकी बंद, पंखा बंद. टेबलावर लॅपटॉप, तार असलेला हेडफोन, टर्नटेबल.]

आता मांडणी. आवृत्त्या ताडून बघताना पहिली चूक होते ती आवाजाच्या पातळीची. एक डेसिबलने मोठं असलेलं गाणं माणसाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. नवीन रीमास्टर (जुन्या मुद्रणाच्या नव्याने तयार केलेल्या प्रती) बहुतेक वेळा जुन्या सीडीपेक्षा मोठ्या आवाजाचे असतात, म्हणून ‘नव्यात जास्त तपशील आहे’ असा निकाल घाईने लागतो. दोन्ही फाइली अर्ध्या डेसिबलच्या आत आणल्याशिवाय मत देऊ नका. ऐकण्याच्या अ‍ॅपमध्ये आवाज आपोआप समान करणारी सोय असते, ती आधी बंद करा. ती किती आणि कुठे दाबते, ते आपल्या हातात नसतं.

दुसरी चूक मोबाइलचा स्पीकर. त्यात डावं-उजवं बहुतेक एकजीव होतं, आणि बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टिरिओत तर गाणं एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. हेडफोन लावा आणि एकेक बाजू काढून ऐका. तिसरी चूक व्हिडिओच्या साइटवरून घेतलेली फाइल. हक्कांच्या तपासणीतून निसटावं म्हणून कित्येक जण गाणं दोन-तीन टक्के पळवून चढवतात. अशी फाइल तंबोऱ्याशी लावली तर जवळपास पाव सूर वर निघते आणि आपण समजतो, दुर्मीळ आवृत्ती सापडली.

तबकडी वाजवत असाल तर आधी टर्नटेबलचा वेग बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांची चकती ठेवा. रेघा जागेवर उभ्या दिसल्या तर वेग बरोबर. पुढे सरकल्या तर टर्नटेबल पळतंय, मागे सरकल्या तर ते मंदावलंय, बहुतेक पट्टा ढिला असेल. एलईडी दिव्याखाली ही युक्ती बऱ्याचदा फसते, जुना पिवळा बल्बच लागतो. कॅसेट डेकचा वेग दोन टक्क्यांनी चुकला तर अर्ध्या सुराचा तिसरा हिस्सा गेला. तेवढ्यावर कुठल्याही आवृत्तीची पट्टी ठरवता येत नाही.

मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) आणि स्टिरिओ (डावं-उजवं वेगळं) हा तर वेगळाच खजिना. १९६७ पर्यंत बीटल्सचं लक्ष मोनो मिक्सवर असायचं, स्टिरिओ नंतर उरकला जायचा. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत पांढरी चारला आहे, स्टिरिओत पांढरी तीनला. मोनो ३ मिनिटं २६ सेकंदांत संपतं, स्टिरिओ ३ मिनिटं ३५ घेतं. मूळ मुद्रण खालच्या सुरातलं, मोनोसाठी पळवलेलं. घर सोडून निघालेल्या मुलीच्या गाण्याला तो पळता वेगच शोभतो, स्टिरिओत ती मुलगी दारातच रेंगाळते. १९६८ च्या ‘हेल्टर स्केल्टर’चं मोनो सुमारे ३ मिनिटं ४० सेकंदांनी विरून जातं. स्टिरिओ विरतं, पुन्हा उसळतं, आणि साडेचार मिनिटांच्या सुमाराला ड्रमर रिंगो स्टार बोटांना फोड आल्याचं ओरडतो. फक्त मोनो घरात असलेल्याला ही आरोळी ऐकू आलेली नसते. २००९ मध्ये मोनो मिक्सचा संच सीडीवर आला, तेव्हा ही तुलना सोपी झाली.

‘लेट इट बी’ या गाण्याच्या सिंगल (एका गाण्याची सुटी तबकडी) आणि अल्बम अशा दोन्ही आवृत्त्यांत पट्टी तीच आहे, तिथे गिटार ऐकायची. गाण्याचा पाया ३१ जानेवारी १९६९ चा, दोन्हीकडे एकच. मार्च १९७० च्या सिंगलवरचा सोलो एप्रिल १९६९ मध्ये वाजवलेला, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला, म्हणून आवाज हलका गरगरतो. अल्बमवरचा सोलो ४ जानेवारी १९७० चा, खरखरीत आणि अंगावर येणारा. अल्बममध्ये झांजेच्या मागे प्रतिध्वनीही आहे आणि पालुपद एकदा जास्त येतं, त्यामुळे गाणं तेरा सेकंदांनी लांबतं.

[सांगली. भावे नाट्यमंदिराची दर्शनी बाजू.]

या गावाला खरं तर हे समजावून सांगायची गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि पुढे संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी वन्समोअर मागायची सवय लावून घेतली. वन्समोअर मागणाऱ्याला तेच पद हवं असतं आणि तसंच नको असतं. दुसऱ्या खेपेला तान कुठे वळली, हे पाहायलाच तो टाळी देतो.

कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा असणाऱ्यांसाठी एक युक्ती आहे. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन ट्रॅकवर घ्या. पहिल्या ड्रमच्या ठोक्यावर तरंग अगदी एकेक नमुना (डिजिटल आवाजाचा सुटा बिंदू) दिसेपर्यंत मोठा करून एकमेकांखाली जुळवा. पातळी समान करा, मग एका ट्रॅकचा तरंग उलटा करा (वरचं खाली, खालचं वर; मागून पुढे नव्हे) आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे सामायिक आहे ते एकमेकांना मारून गप्प होतं, उरतो तो फरक: नंतर चढवलेला कोरस, वेगळी गिटार, वाढवलेली घुमारी. पण वेगात एक हजारांश फरक असला तरी तीन मिनिटांच्या गाण्यात शेवटाला जवळपास ०.१८ सेकंदांची तफावत पडते आणि सगळंच खणखणतं. तेव्हा दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे करून बघा. जुन्या टेपची नवी नक्कल दरवेळी थोडी वेगळी चालते, तिथे पूर्ण शांतता कधीच मिळत नाही.

‘लव्ह मी डू’ला तर यंत्रही नको. ६ जून १९६२ ला ड्रमवर रिंगोच्या आधीचा पीट बेस्ट, ४ सप्टेंबरला रिंगो, ११ सप्टेंबरला भाड्याने बोलावलेला अँडी व्हाइट. शेवटच्या टेकमध्ये रिंगोच्या हाती खंजिरी दिली होती. खंजिरी ऐकू आली तर अल्बमची आवृत्ती, नाही आली आणि ठेका सरळ आहे तर १९६२ चं पहिलं सिंगल. मधल्या भागात ठेका अचानक घसरून पळू लागला, तर तो पीट बेस्ट. पहिल्या सिंगलची मूळ टेप राहिलीच नाही, आज मिळतं ते तबकडीवरून उतरवलेलं.

[पुन्हा मिरज. दिवेलागण. तंबोरा मांडीवर.]

शेवटची चाचणी ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ची. फेब्रुवारी १९६७ च्या सिंगलला पांढरी सहा लावली तर ती खाली राहते, काळी पाच लावली तर तीही नीट चिकटत नाही. कारण यात दोन गाणी शिवलेली आहेत. टेक ७ संथ आणि खालच्या सुराचा, टेक २६ चेलो आणि ट्रम्पेटवाला, जलद आणि वरच्या सुराचा. लेननला पहिल्याची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनियंत्री जेफ एमरिक यांनी पहिला किंचित पळवला, दुसरा साधारण ११ टक्क्यांनी रोखला, आणि एका मिनिटावर टेप कापून जोडली. पालुपद दुसऱ्यांदा येतं, त्याच्या पहिल्याच ओळीत सांधा आहे.

दोन्ही टेक २०१७ च्या ‘सार्जंट पेपर’च्या पन्नाशीच्या संचात मिळतात. ऑडॅसिटीत टेक २६ उघडा. सूर बदलण्याची आज्ञा वेगळी, लय बदलण्याची वेगळी. त्या दोन्ही टाळून फक्त वेग बदलण्याची आज्ञा घ्या, कारण सूर आणि लय इथे एकत्रच हलायला हवेत. उणे ११ पासून सुरुवात करा. तंबोरा सिंगलच्या सुराला लावून ठेवा, काळी पाचच्या थोडा खाली. दोन सूर जवळ आले की आवाज लाटांसारखा वरखाली होतो. लाट जितकी संथ, तितके सूर जवळ. दर वेळी दशांश टक्का हलवत राहा. लाट थांबली की टेक ७ ला तसंच अधिक बाजूने थोडं थोडं चढवा, आणि मग ६० व्या सेकंदावर कात्री ठेवा.