बांबू झाड की गवत?

मगाशी चहाच्या वेळेला एका काकांनी हातात चिठ्ठी दिली, तीच वाचून दाखवतो. "ज्याला ज्यातलं कळत नाही त्याने त्यावर मत द्यावंच कशाला?" काका, खरं सांगू का, सोसायटीच्या मीटिंगला बसलो की मलाही हाच प्रश्न पडतो. गळती कुठून होतेय हे तो वॉटरप्रूफिंगवाला बिचारा सांगत असतो आणि आमचे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ त्यालाच शिकवत असतात. असो.

सामान्य माणसाला अक्कल नसते हे सिद्ध करायला आपल्याकडे एक केस नेहमी काढतात, नानावटी खटला. १९५९, मुंबई. नेव्हीतला कमांडर कावस नानावटी, त्याने बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या आणि स्वतः जाऊन पोलिसांकडे हजर झाला. नऊ जणांची ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते सांगायला कोर्टात बसवलेली साधी माणसं, आठ विरुद्ध एक, निर्दोष! बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीच्या बाजूने रान उठवलेलं, लोकांची सहानुभूती सगळी युनिफॉर्मकडे. सेशन्स जज्जांनी तो निकाल मानला नाही, केस हायकोर्टात पाठवली, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती कायम केली. झालं, तेव्हापासून म्हणायचं की बघा, लोकांच्या हातात न्याय दिला की असं होतं. पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्यात तर ज्युरी उरलीच नाही.

पण यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हायकोर्टाने नुसती ज्युरी चुकली असं म्हटलं नाही, तर जज्जांनी ज्युरीला कायदा समजावून सांगताना चुका केल्या असं म्हटलं. म्हणजे झटापटीत चुकून गोळी सुटली असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते, हे त्या नऊ जणांना नीट सांगितलंच गेलं नव्हतं. आता मला सांगा, तज्ज्ञाने अर्धवट सांगायचं, बाहेर पेपरने बोंब मारायची, आणि निकाल चुकला की खापर मात्र त्या नऊ जणांच्या डोक्यावर? त्यांचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही हं. पण त्यांना कसं बसवलं होतं, काय सांगितलं होतं, हे न बघता त्यांची अक्कल मोजायची हे काही बरोबर नाही.

आता याच्या उलट टोकाला या, गडचिरोली, धानोरा तालुका, मेंढा लेखा. जेमतेम पाचशे लोकवस्तीचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची, गोंडीत "मावा नाटे, मावा राज". घोषणा काय, कोणीही देतं, मला आवडते ती त्यांची पद्धत. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, अभ्यास गट आणि ग्रामसभा. अभ्यास गटात बाहेरचा माणूस येऊ शकतो, कायद्याचा जाणकार, जंगलाचा जाणकार, कोणीही, त्याला हवं ते विचारायचं, वाद घालायचा, पण तिथे ठराव होत नाही. ठराव ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नाही तरी विषय थांबतो. किती वेळ जात असेल विचार करा, आपल्याकडे तर दहा मिनिटात "मंजूर मंजूर" म्हणून लोक वडे खायला जातात.

आणि या लोकांनी काय केलं, तर बांबूवरून भांडण काढलं. १९२७ चा भारतीय वन कायदा, त्यात झाडाच्या व्याख्येत बांबू घातलेला! वनस्पतीशास्त्रातला कोणीही सांगेल की बांबू हे गवताच्या कुळातलं आहे, पण कायद्यात झाड म्हटलं की ते लाकूड, आणि लाकूड म्हटलं की मालक वनखातं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात, म्हणजे जंगलातल्या लोकांनी गोळा करून विकायच्या मालात घेतलं, २००९ मध्ये मेंढ्याला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा, टीपी म्हणतात तो, आणि टीपी खात्याच्या हातात. गाव मागे हटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं.

आता इथे तज्ज्ञ कोण होतं? खात्याकडे डिग्र्या होत्या, नकाशे होते, सगळं होतं, पण बांबू जास्त तोडला तर पुढच्या वर्षी उपाशी कोण राहणार, तर गाव. त्यामुळे किती तोडायचा हे ठरवताना गावाला जो धाक असतो तो साहेबाला नसतो, साहेबाची तोवर बदली झालेली असते.

काका, पाचशे माणसांचं गाव आणि पन्नास लाखांचं शहर एक नाही हे मान्य, पुण्यात सर्वसहमती करायला बसलो तर मेट्रो पुढच्या शतकात येईल. पुलाचा खांब किती जाड हवा हे इंजिनिअरनेच सांगावं, मी मत देणार नाही, देऊही नये. पण पूल कुठे हवा, कोणाचं घर जाणार, हे त्या खांबाच्या गणितात येतच नाही ना.

आणि हो, बांबूचं राहिलंच. २०१७ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला. नव्वद वर्षं लागली.