ताईचं शब्दकोडं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘पोर्श कायेन की रेंज रोव्हर स्पोर्ट: स्पोर्टी घ्यावी की सुखाची?’ आणि समोर बघतोय तर निम्मे लोक रिक्षानं आलेत. (हशा) हरकत नाही. दीड कोटीची गाडी घ्यायची नसली तरी तिच्याबद्दल मत ठेवायला पुण्यात परवाना लागत नाही.

माझी सगळी नोकरी सस्पेन्शनच्या, म्हणजे रस्त्याचे हादरे झेलणाऱ्या स्प्रिंगा-शॉकॲब्सॉर्बरच्या खात्यात गेली. इंजिनाबद्दल सगळे विचारतात. लग्नात शॉकॲब्सॉर्बरबद्दल विचारणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला, आणि त्याला स्वतःच्या स्कूटरचा बदलून हवा होता. त्यामुळे आज जरा मोकळा सुटलो तर सांभाळून घ्या.

तर माझा भाचा. धंदा बरा चाललाय. म्हणाला, “मामा, मोठी गाडी घ्यायचीय, तुम्ही चला.” मी म्हटलं, येतो, पण तुझ्या आईला घेऊन. तो म्हणाला, “आईला काय कळतंय गाडीतलं?” हे वाक्य लक्षात ठेवा.

शोरूमचं नाव सांगणार नाही, गाडीचंही नाही. माझी तक्रार एका दुकानाबद्दल नाहीच, सगळीकडे हाच प्रकार चालतो. तुम्हाला फिरवतात कुठे? गुळगुळीत रस्त्यावर तीन किलोमीटर, यू-टर्न, परत. गाणी मोठ्यानं लावलेली. विक्रेता मुलगा बसल्या बसल्या स्पोर्ट मोड दाबतो, सायलेन्सरमधून फटाके वाजतात, भाचा खूश. मी विचारलं, “टायरचा नंबर काय?” मुलगा म्हणाला, “सर, टायर प्रीमियम आहे.” (हशा)

मी हट्ट धरला की मागच्या गल्लीतून जायचं. तिथं ड्रेनेजची झाकणं होती, दोन गतिरोधक होते, आणि खोदून बुजवलेला एक चर. तुमच्या-आमच्या घरासमोर असतो तसाच. ताई मागे बसली होती. तिला गाडीशी देणंघेणं नव्हतं. तिनं पर्समधून पेपर काढला आणि शब्दकोडं सोडवायला घेतलं.

परत आलो. शोरूमकडे त्याच मॉडेलची दुसरी गाडी होती. तेच इंजिन, तेच सस्पेन्शन. पहिलीला स्पोर्ट पॅकेज, दुसरी साधी. तीच गल्ली, तोच चर. ताईनं उरलेलं कोडं त्या गाडीत पुरं केलं.

हा तो कागद. मागच्यांना दिसणार नाही, पण फिरवतो, फाडू नका. हा वरचा भाग पहिल्या गाडीतला. ‘आडवे 7’ बघा. ‘ळ’ लिहायला गेली आणि त्याची शेपटी थेट खालच्या काळ्या चौकोनात. इथं तर पेन कागदाच्या आरपार गेलंय, हे भोक त्या चराचं. आणि हा खालचा भाग, दुसऱ्या गाडीतला. अक्षरं घरात बसलीत, वेलांटीसुद्धा. नोकरीत मी हादरे मोजायला लाखांची उपकरणं वापरली. इतका स्वच्छ अहवाल एकदाही हाती आला नाही.

फरक कशाचा? पहिलीचा टायर 285/40 आर 22, दुसरीचा 275/50 आर 20. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत, आणि मधला म्हणजे टायरची भिंत, रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर, त्याच्या रुंदीच्या किती टक्के. गणित करा. पहिलीची भिंत 114 मिलिमीटर, दुसरीची 137.5. बाहेरून दोन्ही चाकांची उंची जवळपास सारखी. म्हणजे साडेतेवीस मिलिमीटर रबर आणि हवा काढून तिथं धातूची रिम बसवली, आणि त्याचे पैसे जास्त घेतले! बरं, मोठी रिम सहसा जडही असते. खड्ड्यात आपटलेलं जड चाक आवरता आवरता शॉकॲब्सॉर्बरचा जीव जातो.

इथं कुणीतरी म्हणेल, मग मऊ गाडी घ्या. नाही! माणूस सगळ्यात वैतागतो तो सेकंदाला 4 ते 8 वेळा येणाऱ्या उभ्या हादऱ्यांनी. पोटातलं सगळं त्याच तालावर नाचायला लागतं. उलट पाच सेकंदांतून एकदा अशी संथ हेलकावणी झाली की गाडी लागते. बोट लागते तीही तिथेच. चांगली गाडी या दोहोंच्या मधे झुलते, सेकंदाला साधारण एक-दीड वेळा. म्हणजे सुखाची गाडी मऊ नसते, आवरलेली असते. आमच्या आजोळच्या झोपाळ्याला हे बरोबर जमलं होतं. तो कुणी ट्यून केला होता कोण जाणे…

चिठ्ठी आली. आठ मिनिटं. बरं, विषयावर येतो. (हशा)

कायेन 2002 ची. ती आली तेव्हा पोर्शच्या 911 या स्पोर्ट्स कारवाल्यांनी सुतक पाळलं, आणि पुढे तिनंच पोर्शचं घर चालवलं. रेंज रोव्हर 1970 ची, मूळची आतून पाणी मारून धुता येईल अशी, चामडं-लाकूड नंतर आलं. तिची ‘स्पोर्ट’ 2005 ची. 2008 पासून तिची कंपनी, जॅग्वार लँड रोव्हर, टाटांची आहे, आणि 2024 मध्ये रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणी आपल्या पुण्यातच करायचं जाहीर झालं. किंमत त्यामुळे तेव्हा शोरूमला 1 कोटी 40 लाखांच्या आसपास आली. कायेन आजही बाहेरून बांधून येते.

एसयूव्ही उंच, दोन टनांच्या वर, वळणात कलणारच. ते रोखायला जाड अँटी-रोल बार, म्हणजे आडवी पोलादी दांडी, घातला की डावं-उजवं चाक एकमेकांना बांधलं जातं. एका चाकाचा खड्डा दुसरीकडे पोचतो आणि मागे बसलेल्याची मान डोलते. यावर दोघांचाही उपाय एकच: 48 व्होल्टवर चालणारा बार, सरळ रस्त्यावर सैल, वळणात ताठ. कायेनमध्ये तो 2017 पासून मिळतो, रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये 2022 च्या पिढीत. तिच्याच वरच्या एसव्ही मॉडेलनं तर बारच काढून टाकला आणि शॉकॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले. म्हणजे स्पोर्टी आणि सुखाची यांतली भिंत बरीचशी पडलीय. उरलीय ती टायरची.

कायेन टर्बो जीटी 2021 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर 20.8 किलोमीटरची फेरी 7 मिनिटं 38.9 सेकंदांत मारून आली. मागच्या टायरची भिंत 95 मिलिमीटरसुद्धा नाही. शंभरचा वेग 3.3 सेकंदांत. आपल्या एक्सप्रेस वेवर मर्यादा शंभरचीच, म्हणजे टोल नाका सुटल्यावर चौथ्या सेकंदाला तुमची मजा संपली! पण रविवारी पहाटे एकटे ताम्हिणीत जाणार असाल, तर कायेनचं स्टीअरिंग हाताला जे सांगतं ते दुसरी नाही सांगत. घ्या, वीस इंची चाकांवर. मागे आई-वडील असतील, पावसात मुंबई असेल, तर रेंज रोव्हर स्पोर्ट. ती 900 मिलिमीटर पाण्यातून जाते. तीही छोट्या चाकांवर. आणि चाचणी घेताना मागे बसा. घरची गल्ली, घरचा गतिरोधक, विक्रेत्याला गाणी बंद करायला सांगा. एअर सस्पेन्शनच्या वॉरंटीबद्दल बोलायचं राहिलं, ते चहाला विचारा.

काय म्हणालात? भाच्यानं कुठली घेतली? दुसरी, साधी, वीस इंचीवाली. ताईच्या कागदावरून. दिवाळीला गेलो तर दारात उभी होती, आणि पठ्ठ्यानं बाहेरून बावीस इंची चाकं आणून चढवली होती. “मामा, भरलेली दिसते की नाही?”

ताई आता कोडं घरीच सोडवते.