पावसाला पुरून उरणारा सायलेन्सर

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं एक अंगण. घोडीवर चढवलेली जुनी मारुती ८००. गाडीखालून दोन पाय बाहेर.)

खानापूर सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं, की पावसाचा मुलूख सुरू होतो. इथल्या कुणालाही विचारा, गाडीचं आधी काय जातं? खालचा पत्रा आणि सायलेन्सर.

पत्रा पावसानं जातो, ते खरं. सायलेन्सरचा वैरी मात्र गाडीच्या पोटातच असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की धुराबरोबर जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन निघतं. गाडी लांब पळाली तर वाफ बाहेर जाते. पण घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच धाव असेल, तर मागचा डबा नीट तापतच नाही. पाणी आत साचतं. त्यात आम्लाचा अंश असतो, तो पत्र्याला आतून खातो. बाहेरचा काळा रंग शाबूत, आणि आत चाळण.

(दृश्य: काढलेला जुना डबा. स्क्रूड्रायव्हर टोचताच आत जातो.)

गाडीखालचा हा पोरगा बेळगावात उद्यमबागेत, एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. बाजारचा स्वस्त डबा बसवायचा, तो सडला की पुन्हा बसवायचा, याला तो कंटाळला. आता इंजिनपासून मागच्या टोकापर्यंत धुराची अख्खी लाइन स्टेनलेसमध्ये, घरीच.

पाइप आणला ३०४ ग्रेडचा. या ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. चुंबक लावून बघा, जवळपास चिकटत नाही. कंपनीच्या बऱ्याच सायलेन्सरना ४०९ ग्रेड असतो, त्याला चुंबक चिकटतो. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास आणि निकेल जवळपास नाहीच, म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच त्याला तांबूस गंज लवकर धरतो.

बेंडची युक्ती मला फार आवडली. दूध डेअरीच्या पाइपलाइनला जे तयार बेंड लागतात, तेच त्यानं घेतले. दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर, दीडेक मिलिमीटर जाडीचे, आतून गुळगुळीत. दुकानात भाव विचारला कन्नडमध्ये, घासाघीस केली मराठीत. ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरला हे माप भरपूर झालं. मोठ्या पाइपानं गाडी पळते, हा समज गावोगावी आहे. छोट्या इंजिनात पाइप फार रुंद केला तर धुराचा वेग पडतो, आणि चढाला गाडी ओढत नाही.

(दृश्य: गाडीखाली पाइप धरून खडूनं खुणा.)

गाडीवर फक्त टाके, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारायचे. त्याआधी बॅटरीची वायर काढायची, पेट्रोलची टाकी मागेच आहे हे डोक्यात ठेवायचं, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. समोरासमोर चार टाके. एकाच बाजूनं वेल्डिंग ओढत नेलं तर पाइप त्या बाजूला खेचला जातो आणि टोक बंपरच्या भलतीकडे निघतं. टाके झाले की लाइन उतरवून टेबलावर.

(दृश्य: जवळून. पाइपाच्या तोंडाला चिकटपट्टी, एका भोकातून आर्गनची नळी.)

आता थोडं थांबून बघा, कारण बहुतेक घरगुती कामं इथं फसतात. आर्गन वेल्डिंगमध्ये टॉर्चमधून येणारा आर्गन गॅस हवेला दूर ठेवतो आणि वरची बाजू सांभाळतो. आतली बाजू उघडी राहिली, तर तापलेलं स्टेनलेस हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि सांध्याच्या पोटात काळी खरखरीत पापडी धरते. वरून सांधा देखणा, आतून कुजका. म्हणून पाइपाची तोंडं बंद करून आतही आर्गन सोडायचा, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं आणि मगच ठिणगी. करंट पन्नास-साठ अँपिअर. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की इथलं व्होल्टेज पडतं, त्यामुळे हे काम त्या बंद असताना.

जुन्या लोखंडी फ्लँजला, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकतीला, स्टेनलेस जोडायचं तर वेल्डिंगची तार ३०९ ग्रेडची. स्टेनलेसला स्टेनलेस, तिथं ३०८. आणि बोअरचा उरलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप कुणी दिला तर घेऊ नका. त्यावरचं जस्त ९०७ अंशाला उकळतं, तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेसचा धूरही काही बरा नव्हे. वारा हवाच.

मधेच मामा येऊन उभे राहतात.
“काय करालास रे? वाजंना की हे!”
“वाजू नये म्हणूनच करालोय, मामा.”

फटफट आवाजासाठी डबा कापणाऱ्यांविषयी मला ममत्व नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२०वा नियम सांगतो, की प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. आवाजाची किंवा धुराची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, कायदा एकच. म्हणून या लाइनमध्ये डबा मोठाच ठेवलाय आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कंपनीच्या कन्व्हर्टरला हात लावलेला नाही.

(दृश्य: रबरी हँगर. इंजिन सुरू होताच पाइप हलतो.)

तापलं की स्टेनलेस वाढतं. तीन मीटरची लाइन ३०० अंशांनी तापली तर जवळपास दीड सेंटीमीटर. त्यात इंजिन आडवं बसवलेलं, क्लच सोडला की मागेपुढे डुलतं. लाइन ताठ आवळली तर कितीही चांगलं वेल्डिंग केलेलं असो, चीर पडणारच. पुढे जाळीचा फ्लेक्सिबल जोड, मागे रबरी हँगर, आणि पाइपाच्या चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक, साचलेलं पाणी निथळायला. एवढ्याशा भोकानं आवाज वाढत नाही.

शेवटची तपासणी साबणाच्या पाण्याची. इंजिन चालू, टोकाला फडकं दाबून थोडा अडथळा, आणि प्रत्येक सांध्यावर फेस. फ्लँजपाशी एक बुडबुडा फुगतो. पॅकिंग बदलून बोल्ट पुन्हा आवळले जातात. हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण गळणारा धूर गाडीच्या आत शिरला तर कळतही नाही; त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दोन-तीनदा गाडी चांगली तापून निवली, की हेच बोल्ट परत एकदा आवळायचे.