झारीला इंग्रजीत काय म्हणतात?

(दृश्य : परीक्षा केंद्राचा व्हरांडा. खुर्चीत बसलेली नर्स ओठांतल्या ओठांत पुटपुटतेय.)

आयसीयूत रात्रपाळ्या काढलेली बाई, पण आज तिचे हात गार पडलेत. आत परीक्षक आहे, रेकॉर्डर आहे आणि वेळ ११ ते १४ मिनिटं. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी व्हायची, तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या या संभाषणात ९ पैकी किमान ७ बँड हवा.

सुरुवात सोपी असते : घर, काम, आवडीनिवडी. मग हातात एक कार्ड येतं. विचाराला १ मिनिट, त्यानंतर २ मिनिटांपर्यंत एकटीनं बोलायचं. वेळ संपली की परीक्षक मधेच थांबवतो. इथे भलेभले हबकतात, आपलं काही चुकलं म्हणून. चुकलेलं काही नसतं, त्याला घड्याळ पाळायचं असतं.

(दृश्य : चार रकान्यांचा कागद.)

गुण या चार गोष्टींना : ओघ आणि सुसंगती, शब्दसंग्रह, व्याकरण, उच्चार. चारही रकान्यांचं वजन सारखं. उच्चार म्हणजे साहेबाची नक्कल नव्हे. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बनियन, एवढं ऐकणाऱ्याला कळलं की झालं. (आपल्या जिभेवर दोन्हीकडे एकच 'व', म्हणून जरा जपून.)

झारीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना? 'झाडांना पाणी घालायचं भांडं' म्हणा. असा वळसा घालता येणं शब्दसंग्रहात जमेला धरतात. क्लासमध्ये घोकलेलं उत्तर मात्र तिसऱ्या टप्प्यात उघडं पडतं. कार्डावरच्याच विषयाचा धागा धरून परीक्षक विचारतो, "पण असं का?" आणि घोकलेली सफाई तिथेच संपते.

मला एक खटकतं. नर्सला आवडत्या सहलीबद्दल कशाला बोलायला लावायचं? आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली इंग्रजीची ओईटी परीक्षा ब्रिटनलाही चालते, आणि तिथे काम नर्सचंच असतं. ३ मिनिटं कार्ड वाचायचं, मग सुमारे ५ मिनिटं प्रसंग निभवायचा. असे दोन प्रसंग. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते, गुण देत नाही. ते रेकॉर्डिंग ऐकून दुसरेच देतात.

(दृश्य : सराव. दोन खुर्च्या, समोरासमोर.)

"आई इंजेक्शन नको म्हणते," समोरची म्हणते.

नर्स समजावण्याआधी विचारते, "त्यांना भीती कशाची वाटते?"

इथे या प्रश्नालाही गुण आहेत.