नांदेडचा बैरागी, पंजाबचा बंदासिंग

नमस्कार मंडळी. नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतलं असेल. पण बंदा घाटाच्या गुरुद्वाऱ्याकडे किती जण वळलात? पुढच्या वेळी वेळ काढून जाच. आजची गोष्ट तिथली आहे.

साल १७०८. गोदेकाठी माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, जन्म १६७०चा, घरचं नाव लछमनदेव. शिकारीत गाभण हरिणी मारली गेली, ते मनाला लागलं आणि पोरगा घर सोडून गेला, असं परंपरा सांगते. त्या मठात गुरू गोविंदसिंगजी आले. बैरागी त्यांना शरण गेला, म्हणाला, मी तुमचा बंदा. म्हणजे सेवक. पुढे तेच त्याचं नाव झालं.

गुरूंनी त्यांना पाच बाण, निशाण, नगारा आणि पंजाबातल्या शिखांसाठी हुकूमनामे दिले. सोबत मोजकी माणसं. ना फौज, ना खजिना. त्याच ऑक्टोबरात नांदेडलाच गुरू ज्योतीत विलीन झाले.

पुढे काय झालं बघा. वाटेवरचे शेतकरी, कारागीर, गावात ज्यांना कोणी विचारत नव्हतं ती माणसं बंदासिंगांना येऊन मिळाली. १७०९ मध्ये पंजाबातलं समाणा शहर घेतलं. १२ मे १७१० रोजी चप्पड चिडीच्या मैदानात समोर होता सरहिंदचा मुघल अधिकारी वजीर खान, गुरूंच्या दोन धाकट्या मुलांचा जीव घेणारा. त्याच्याकडे तोफा आणि हत्ती होते. बंदासिंगांकडे तोफा नव्हत्याच. तरी वजीर खान पडला आणि दोन दिवसांत सरहिंद हाती आलं. तिथे सूडही उगवला गेला, तो झाकायचं कारण नाही.

पण मला या माणसाबद्दल सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. जमीनदारी मोडून त्यांनी जमीन कसणाऱ्यांच्या हाती दिली. आजच्या हरियाणातल्या लोहगडाला राजधानी केली. नवा राजा आधी काय करतो? स्वतःच्या नावाचं नाणं पाडतो. बंदासिंगांनी नाणं पाडलं ते गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंगांच्या नावाने. स्वतःचं नाव कुठेच नाही!

१७१५ मध्ये पंजाबातल्या गुरदास नंगलला मुघलांनी वेढा घातला. आठ महिने. धान्य संपलं, माणसं गवत आणि झाडपाला खाऊन लढली. डिसेंबरात सगळे पकडले गेले. दिल्लीत ५ मार्च १७१६ पासून रोज शंभर जणांची मुंडकी उडवली जात होती. धर्म सोडा, जीव वाचवा, एवढीच अट. तेव्हा दिल्लीत असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या दूतांनी पत्रात लिहून ठेवलंय की एकानेही धर्म सोडला नाही.

९ जूनला मेहरौलीत बंदासिंगांची पाळी आली. आधी त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या चार वर्षांच्या मुलाला, अजयसिंगला मारलं, मग त्यांना हाल हाल करून. वय ४५. नांदेड सोडून आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती.