रोंदानेची निळी रात्र

पडद्यावर आता दिसते आहे ते नॉर्वेचे चित्रकार हाराल्ड सोलबर्ग यांचे ‘रोंदानेमधील हिवाळी रात्र’ हे १९१४ सालचे तैलचित्र. मूळ चित्र ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते सुमारे १६० सेंटिमीटर उंच आणि १८० सेंटिमीटर रुंद असल्यामुळे जवळ उभे राहिले की नजरेत दुसरे काही मावत नाही.

सोलबर्ग १८९९ मध्ये स्कीवरून रोंदानेच्या पर्वतांत गेले होते. तिथली रात्र त्यांच्या मनात अशी बसली की पुढे ते त्या परिसरात राहायलाच गेले आणि रेखाटने, जलरंग, लहानमोठी तैलचित्रे करत ते जवळजवळ पंधरा वर्षे याच एका दृश्याकडे परत परत येत राहिले. एखाद्या संध्याकाळी अचानक सुचलेल्या भावनेचे हे चित्र नव्हे, हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलेले बरे.

अशा चित्रांच्या संदर्भात नॉर्वेजियन भाषेत ‘स्टेमनिंग’ हा शब्द वापरतात. त्याचा एक अर्थ मनाची अवस्था किंवा वातावरण, आणि दुसरा वाद्य सुरात लावणे. आपल्याला हा दुसरा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तंबोरा जुळला की गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच खोलीतली हवा बदलते. या चित्रातला निळा रंग तेच काम करतो. आकाश निळे, बर्फ निळा, डोंगरांच्या घड्यांतल्या सावल्याही निळ्याच. सोलबर्ग रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवत असत, त्यामुळे खालचा थर वरच्यातून झिरपत राहतो आणि उजेड बाहेरून पडल्यासारखा न वाटता रंगाच्या आतून आल्यासारखा वाटतो.

वातावरण म्हणजे धूसरपणा, धुके, पुसट कडा, अशी आपली समजूत असते. मला ती अपुरी वाटते, आणि तिला याहून चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही. इथे धुके नाही. कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या हवेत दूरचा डोंगरही जसा रेखीव दिसतो, तसेच इथले प्रत्येक शिखर आखीव आहे. पुढच्या बाजूची झाडे पाहा: जवळजवळ काळी, निष्पर्ण, आणि त्यांच्या बारीकबारीक काटक्यासुद्धा एकेक करून काढलेल्या. दोन्ही बाजूंच्या या फांद्यांतून जणू एक कमान तयार होते आणि आपण त्या कमानीच्या अलीकडे थांबतो. पलीकडे बर्फाचा उतार, मग जंगलाचा काळा पट्टा, मग ते गोलाकार, प्रचंड डोंगर. माणूस कुठेच नाही. गूढता आली आहे ती या स्पष्टपणातूनच. सगळे नीट दिसत असूनही जवळ जाता येत नाही.

एका शिखरावर बर्फाच्या रेषांतून लहानसा क्रूस उमटला आहे. तो शोधावा लागतो. दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेवर मात्र एकच चांदणी आहे आणि ती लपत नाही. एवढ्या मोठ्या निळाईत तो ठिपका नखाएवढासुद्धा नाही, तरी सगळे चित्र त्याच्याकडे कललेले आहे.

आता सभागृहातले दिवे मालवून आपण काही वेळ न बोलता हे चित्र पाहू. सुरुवात डावीकडच्या फांद्यांपासून करा, बर्फावरून सावकाश वर जा. चांदणीपाशी पोहोचण्याची घाई करू नका.