चार शब्दांवर दोन तास

नमस्कार मंडळी. फ्रेंच साहित्यात मास्टर केलं म्हटलं की समोरचा पहिलं हेच विचारतो, मग फाडफाड बोलत असाल ना? अहो, भाषा तर अ‍ॅडमिशनलाच यावी लागते, खरा अभ्यास त्याच्यापुढे सुरू होतो.

म्हणजे कसा, ते सांगते. तिथे एक प्रकार असतो, एक्सप्लिकासिओं द तेक्स्त, छोटासा उतारा घ्यायचा आणि शब्दाशब्दाला थांबायचं. आम्हाला आली आल्बेर कामू या फ्रेंच लेखकाची १९४२ ची कादंबरी, 'लेत्राँजे'. पहिलं वाक्य फ्रेंचमध्ये जेमतेम चार शब्दांचं, आज आई वारली, एवढंच. त्यावर दोन तास गेले! कारण आईसाठी कामूने 'मेर' नाही लिहिलं, 'मामाँ' लिहिलं, लेकरू घरात हाक मारतं ना तो शब्द, आणि काळ वापरला पासे काँपोझे, जो लोक रोजच्या बोलण्यात वापरतात. कादंबरी सहसा पासे सँप्ल या दुसऱ्या भूतकाळात लिहायचे, तो बोलताना आता जवळपास कुणीच वापरत नाही, म्हणून इथे वाटतं की माणूस समोर बसून सांगतोय. अनुवादात हे हाताला लागतच नाही हो.

आणि मग येतो तो खून, गोष्ट सांगणारा हा माणूसच करतो तो. अल्जेरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात, आणि ज्याला गोळ्या घातल्या तो अरब, अख्ख्या पुस्तकात त्याला नावच नाही. मला हे आधी वाचताना जाणवलंही नव्हतं, याचं अजून वाईट वाटतं. २०१३ मध्ये कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकाने आपल्या कादंबरीत त्या अरबाला मूसा हे नाव दिलं, गोष्ट त्याच्या भावाच्या तोंडून सांगितली, आणि सुरुवात कशी केली, तर आज आई अजून जिवंत आहे. तीही फ्रेंचमध्येच! म्हणून म्हणते, फ्रेंच साहित्य म्हणजे फक्त पॅरिस धरून बसू नका, अल्जेरिया, सेनेगल, मार्टिनिक हे सगळं त्यात येतं.

बाकी फ्रान्समध्ये मास्टर दोन वर्षांचं असतं, मेम्वार म्हणजे प्रबंध लिहावा लागतो, आणि जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर फुकट वाचता येतात. पण तयारी करायचीच असेल तर कामूचं आणि दाऊदचं, ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडा, पहिलं पान मोठ्याने वाचा आणि क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघा मारत चला.